रेल वर, पेशंट खाली

"रेल वर होती, तर पेशंट खाली आला कसा? उडून?"

सरांनी हे विचारलं तेव्हा मनीषा टेबलाच्या कडेकडे बघत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मेडिकल सुपरिंटेंडंट. माणूस ओरडत नाही. टोमणा मारतो आणि वर शांतपणे पाणी पितो. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

"सर, जेवणं झाल्यावर मी स्वतः रेल वर केली होती," मनीषा म्हणाली. "पडल्याचा आवाज आला, मी धावत गेले, तेव्हाही वरच होती."

"म्हणजे पडल्यावर कुणीतरी वर केली."

"नाही सर."

"मग खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या बाईने रेलवरून उडी मारली?"

सर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "तायडे सिस्टर, शनिवारपर्यंत मला तुमचा रिपोर्ट द्या. पडलं कोण ते माहीत आहे. खोटं कोण बोलतंय ते सांगा."

मी धुळ्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात क्वालिटी नर्स आहे. अर्धं आयुष्य वॉर्डात काढलं, मग गुडघे बोलायला लागले आणि मला या खात्यात टाकलं. माझ्या माहेरी, पहूरला, अजून कुणाला माझी नोकरी समजलेली नाही. भाऊ विचारतो, म्हणजे तू इन्स्पेक्टर का? मी म्हणते, इन्स्पेक्टर चूक करणाऱ्याला धरतो. मी चूक आली कुठून ते शोधायचं आणि ती परत येणार नाही असं काहीतरी करायचं. भाऊ म्हणतो, म्हणजे इन्स्पेक्टरच.

तर, रेल. पेशंट पडू नये म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा असतो, त्याला आम्ही साइड रेल म्हणतो. आमच्या पलंगांची रेल अर्धीच आहे. डोक्यापासून कमरेपर्यंत. पायांकडचा भाग उघडा, म्हणजे ज्याला चालता येतं त्याने पाय खाली सोडावेत. उशाशी भिंतीला बेल. पेशंटने उठण्याआधी बेल दाबायची, सिस्टरने यायचं. इतकं साधं आहे सगळं.

हाडांचा वॉर्ड नव्या इमारतीत गेल्यापासून तीन पेशंट पडले होते. तिघेही दुपारी, वॉर्ड झोपलेला असताना. कुणी पडलं की सिस्टरने इन्सिडंट रिपोर्ट लिहायचा असतो, म्हणजे काय झालं, कसं झालं, तेव्हा काय काय जागेवर होतं. तिन्ही रिपोर्ट सारखेच होते. रेल वर. बेल उशाशी. पेशंट खाली.

त्यातले दोन मनीषाच्या शिफ्टला. मनीषा यावलची पोरगी, नोकरीत नवीन, अजून प्रोबेशनवर. पुढच्याच महिन्यात तिचं कन्फर्मेशन होतं. खोटी माहिती दिल्याचा मेमो तिला मिळालाच होता, वॉर्डाच्या बोर्डावरही लागला होता. नुसत्या निष्काळजीपणाचा असता तर सुटली असती, आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी तसे मेमो खाल्लेत. पण रेल खाली होती आणि हिने नंतर वर केली, असं ठरलं तर ती खोटी ठरते. आणि खोटं बोलणारी नर्स कुणी ठेवत नाही. इंजेक्शन दिलं की नाही, हे शेवटी आम्ही तिच्या शब्दावरच मानतो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुम्हालाही वाटतं का, मी नंतर रेल वर केली?"

"मला अजून काहीच वाटत नाही," मी म्हणाले. "वाटायला लागलं की सांगेन."

ती रागावून वॉर्डात निघून गेली. रागावू दे. गोड बोलायला मला पगार मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक पलंग रिकामा होता. मी चपला काढल्या, त्यावर झोपले, वॉर्डाच्या मावशींना दोन्हीकडच्या रेल वर करायला लावल्या आणि पडायचा प्रयत्न केला. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू देत. डावीकडे लोळले, रेल. उजवीकडे लोळले, रेल. खाली सरकत जाऊन पाय बाहेर काढता येत होते, पण तसं उतरलं तर माणूस आधी पायावर येतो किंवा बूड आपटतो. मला काही पडता येईना.

तिथून उठले ती अक्कांकडे गेले. या त्याच, तिसऱ्या पडलेल्या. शिरपूरकडच्या एका गावातल्या, वयाने सत्तरीच्या पुढच्या, वाळल्या काटकीसारख्या. नशिबाने खुब्यातलं ऑपरेशन शाबूत राहिलं होतं. भुवईच्या वर मात्र टाके पडले होते. शेजारी स्टुलावर त्यांचा मुलगा भटूभाऊ.

"अक्का, कपाळाला काय लागलं?"

अक्कांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने खिडकीकडे पाहिलं.

"फरशी लागनी व्हई," भटूभाऊ म्हणाला.

फरशीने कपाळ सुजतं, असं नेमकं बोटभर फाटत नाही. मी आजूबाजूला काय टोकदार आहे ते शोधायला लागले. औषधांचं कपाट लांब होतं. स्टूल गुळगुळीत. राहिला हँडल. आमच्या पलंगांना पायथ्याशी एक लोखंडी हँडल असतो. तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते, पेशंटला बसून जेवता येतं. काम झालं की तो आत दुमडायचा असतो. आमच्याकडे तो कुणी दुमडत नाही. हा वेगळा विषय आहे आणि माझ्या बीपीशी संबंधित आहे. तर तो बाहेर आलेला होता, आणि त्याची कड कपाळावरच्या टाक्यांएवढीच होती.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. पायथ्याचा हँडल कपाळाला लागतो कसा?

क्वालिटीत आम्हाला एक शिकवतात. प्रत्येक उत्तरावर परत 'का' विचारायचं, मुळापर्यंत जाईपर्यंत. मी मनातल्या मनात विचारत गेले. हँडल कपाळाला लागला, कारण कपाळ पायथ्याशी होतं. कपाळ पायथ्याशी का होतं? पुढे गाडी अडली. सकाळी राउंडला मी अक्कांना स्वतः पाहिलं होतं, चांगल्या भिंतीकडे डोकं करून पडल्या होत्या.

मग माझ्या लक्षात आलं की मी वॉर्ड नेहमी राउंडच्याच वेळी बघते.

म्हणून पुढच्या दुपारी मी युनिफॉर्म न घालता, साध्या साडीत, हातात डबा घेऊन गेले आणि वॉर्डाच्या दाराजवळच्या बाकावर बसले. नातेवाइकांसारखी. राउंड संपला. डॉक्टर गेले. मनीषाने जेवणानंतर एकेक पलंगाची रेल वर केली, खटका बसला की नाही हे हाताने हलवून पाहिलं, आणि शेजारच्या खोलीत औषधं भरायला गेली.

ती वळली आणि वॉर्ड हलला. कुणी काही बोललं नाही. भटूभाऊने अक्कांच्या खांद्याखाली हात घातले, सुनेने पाय धरले, मध्ये उशी धरून अलगद फिरवलं, तव्यावरची भाकरी फिरवावी तसं. तिकडे पलीकडच्या पलंगावर तेच. त्याच्या पलीकडेही तेच. बघता बघता निम्म्या वॉर्डाची डोकी भिंतीकडून खिडकीकडे आली.

ऑपरेशन झालेला खुबा असा फिरवायचा नसतो. माझं तोंड उघडलंच होतं. नर्सचं तोंड हातापेक्षा आधी चालतं. पण मी ओठ दाबून बसले, कारण ओरडले असते तर सगळे सरळ झाले असते आणि मला काहीच कळलं नसतं.

अक्कांजवळ गेले. आता त्यांचं डोकं पायथ्याशी होतं. वर केलेली रेल त्यांच्या पायांचं रक्षण करत होती. छातीपाशी काहीच नव्हतं, कुशीवर वळलं की थेट फरशी. बेल होती, पायाच्या अंगठ्याजवळ.

भटूभाऊने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वरडू नका ताई. आत्ते सरळ करस."

"राहू द्या भाऊ. मी ओरडायला नाही आले. मला एवढंच सांगा, फिरवता कशासाठी?"

अक्काच बोलल्या. "उत्तरले डोकं मरेल माणूसनं करतस, माय. मी आजून जित्ती शे."

आता सांगते. आमच्या पहूरच्या घरात माझ्या वडिलांनी दिशेचा प्रकारच ठेवला नव्हता. आम्ही बौद्ध. खाट जिथे मावेल तिथे, डोकं जिथे वारा येईल तिथे. बाकीच्या लोकांकडे असं काही असतं हे मी ऐकून होते, पण वॉर्डातली कुठली भिंत उत्तरेची हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. जुन्या वॉर्डात डोकी पूर्वेच्या भिंतीला होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. नव्या इमारतीत ऑक्सिजनची पाइपलाइन उत्तरेच्या भिंतीतून नेली, आणि सगळे पलंग त्या भिंतीला डोकं लावून ओळीने मांडले. दक्षिणेला पाय, म्हणजे यमाच्या दाराकडे. हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही रोज असं झोपवत होतो आणि वर म्हणत होतो, शांत पडा.

मनीषाला विचारलं तर ती म्हणाली, "हो मॅडम, फिरवतात ना. मी दिसलं की रागावते, सरळ करायला लावते. जुन्या सिस्टरही रागावतात. पण अक्का पडल्या तेव्हा त्या सरळच झोपलेल्या होत्या. उशी भिंतीकडेच होती, मी पाहिलं ना."

मी परत भटूभाऊकडे गेले. "उशी भिंतीकडे कशी होती?"

त्याला घाम फुटला. तो नळावर डबा धुवायला गेला होता. आवाज ऐकून सिस्टरच्या आधी तो पोचला. माय खाली. सिस्टरची पावलं ऐकू येत होती. त्याने आधी काय केलं, तर पायथ्याची उशी उचलून भिंतीकडे टाकली. मग मायला हात लावला.

"काबरं?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"सिस्टर वरडतीन म्हनी. सुट्टी दी टाकतीन म्हनी. बठ्ठा लोके तसंच करतस, ताई."

म्हणजे सगळेच तसं करत होते, आधीच्या दोघांचे लोकही. चिडावं की हसावं कळेना. मला चीड आली ती त्याची नाही, आमचीच. आई फरशीवर पडलेली असताना माणसाला आधी उशीची काळजी वाटावी, एवढी आमच्या तोंडाची दहशत.

"भाऊ, तुम्ही उशी टाकली, त्यामुळे ती सिस्टर खोटी ठरते आहे," मी म्हणाले. "तिची नोकरी जाईल."

भटूभाऊ स्टूल पुसायला लागला. डॉक्टर, साहेब, सही, असल्या गोष्टींनी घाबरणारा माणूस. दुसऱ्या कुणाची तरी नोकरी त्याच्या दृष्टीने लांबची गोष्ट होती. पण अक्कांनी मान वळवली.

"कोन सिस्टर? ती यावलनी पोर? जी रोज मन्ही वेनी घाली देस?"

"तीच."

अक्का मुलाला म्हणाल्या, "जाय. सायेबले सांगी दे."

"माय, पन..."

"मन्हा पाय मोडेल शे. तुन्हा नही."

तो आला. माझ्या मागे मागे, टोपी हातात धरून. सरांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसला नाही. "सायेब, मन्ही माय उलटी झोपेल व्हती. उशी मी फिरवी. सिस्टरनी काहीच चूक नही," एवढं एका दमात बोलला आणि दाराकडे बघायला लागला. सरांनी ग्लास उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. तुमच्या आईंना सुट्टी देणार नाही, घाबरू नका. बरं वाटेपर्यंत ठेवू."

मनीषाला बोलावलं. सर म्हणाले, "तुमचा मेमो रद्द. विषय संपला."

"सर, लेखी द्या," मनीषा म्हणाली.

सरांनी मान वर केली. "मी सांगतोय ना."

"मेमो लेखी होता सर. सगळ्या वॉर्डाने वाचला."

मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मला हसू येत होतं. सरांनी लेखी दिलं. त्यात 'सिस्टरने दिलेली माहिती खरी होती' असं वाक्य तिने घालून घेतलं. यावलचं पाणीच तसं असावं.

पण पेशंट अजून फिरतच होते. सरांचा पहिला उपाय ठरलेला असतो. बोर्ड. 'पेशंटची झोपण्याची दिशा बदलू नये. आदेशावरून.' लाल अक्षरात. पालथ्या घड्यावर पाणी. फरक एवढाच पडला की नातेवाइकांनी दुपारी दाराशी एक माणूस पाळत ठेवायला उभा केला. सिस्टर आली की तो खोकायचा.

मी सरांना म्हणाले, "पेशंट फिरवू नका असं सांगून उपयोग नाही. आपण पलंग फिरवू."

"म्हणजे?"

"डोकं खिडकीकडे हवं असेल, तर पलंगच उलटा लावायचा. मग रेल डोक्यापाशीच राहते. हँडल भिंतीकडे जातो, कुणाच्या कपाळाला लागत नाही, फिरवायला मात्र मागे माणूस उभा राहील एवढी जागा सोडू. बेलची वायर लांब करून घेऊ. ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांना दाराजवळच्या दोन पलंगांवर घेऊ, तिथे पूर्वेच्या भिंतीलाही पॉइंट आहे."

"तायडे सिस्टर, तुम्ही हे सांगताय? तुम्ही? हॉस्पिटलात आता वास्तुशास्त्र आणायचं? अंधश्रद्धेला खतपाणी?"

"सर, मी यातलं काही मानत नाही. पण फरशीला मानते."

"इन्स्पेक्शनला येणारी माणसं काय म्हणतील? अर्धे पलंग इकडे तोंड करून, अर्धे तिकडे."

"सर, तुम्ही घरी कुठे डोकं करून झोपता?"

"पूर्वेला," ते म्हणाले. "पण ते हवा येते म्हणून."

"बरोबर आहे सर."

त्यांनी पाणी प्यायलं. "आधी तीन पलंगांवर करून बघा," म्हणाले.

आमच्या कामात तसंच करतात. आधी थोड्यावर करून बघायचं, चुकलं तर थोडंच चुकतं. आणि चुकलंच. पहिल्या दिवशी बेलची वायर जमिनीवरून गेली, तिच्यात मावशींचा पाय अडकला आणि त्या पडता पडता वाचल्या. पडझड थांबवायला निघालेल्या बाईने आणखी एक पाडली असती. इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर वरून घेतली. मग एकेक करत सगळा वॉर्ड केला. ॲडमिशनच्या वेळी औषधाची ॲलर्जी विचारतो, तेव्हाच आता विचारतो, डोकं कुठल्या बाजूला हवं? काही जण म्हणतात, कुठेही चालेल. बहुतेक जण आधी चपापतात आणि मग दिशा सांगतात. एकदा पलंग हवा तसा लावून दिला की कुणी पेशंटला हात लावत नाही. ऑपरेशन झालेला खुबा जागच्या जागी राहतो, हे तर मी मागितलंही नव्हतं, फुकटात मिळालं.

त्यानंतर तसं कुणी पडलं नाही. एक तरुण पडला, पण तो मोबाइल बघत उतरत होता. तो कुठल्याही दिशेला पडला असता.

अक्कांना सुट्टी मिळाली त्या दिवशी मी भेटायला गेले. मनीषा त्यांची वेणी घालत होती. अक्कांनी मला जवळ बोलावलं. "तू कोनता बाजूले डोकं करस, माय?"

"पंख्याकडे, अक्का."

"शहानी शे," त्या म्हणाल्या, आणि मनीषाच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. भटूभाऊ मागे पिशव्या घेऊन उभा होता. त्याने जाता जाता पायथ्याचा हँडल आत दुमडला. आमच्या स्टाफला जे मी वर्षानुवर्षं सांगते आहे ते.

इन्स्पेक्शनच्या बाई आल्या तेव्हा पलंग असे का, हे त्यांनी विचारलंच. सरांनी त्यांना जवळजवळ हा विचार आपलाच अशा थाटात समजावून सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.

मनीषा आता पक्की झाली आहे, नव्या मुलींना वॉर्ड दाखवायचं काम तिच्याकडे असतं. परवा मी सहज गेले होते. एक नवी सिस्टर एका म्हाताऱ्या आबांच्या मुलावर ओरडत होती, पलंगावर डबा का उघडला म्हणून. आवाज पार जिन्यापर्यंत. मुलगा घाईघाईने डबा चादरीखाली सरकवत होता. मनीषा मागून आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "हळू बोल. नाहीतर उशी फिरवतील."

"कुठली उशी?" ती पोरगी गोंधळली.

"सांगते नंतर," मनीषा म्हणाली. मग तिने चादरीखालून डबा काढला, आबांच्या पलंगाचा हँडल फिरवून त्यांना बसतं केलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.